ठाणे खाडी ते आंबोली: वन्यजीवांचे फोटो नोंद म्हणून कामाला येतील असे कसे काढायचे

दरवर्षी नोव्हेंबर लागला की ऐरोली, नेरुळ, सीवूड्स सगळीकडे मोठमोठ्या लेन्स बाहेर पडतात आणि मे संपेपर्यंत सोशल मीडियावर नुसते फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. फोटो एकापेक्षा एक असतात, त्यात वादच नाही. पण बहुतेक फोटोंत पक्षी कुठला एवढंच कळतं, किती होते, नक्की कुठे होते, पाणी किती होतं, मागे भराव पडत होता का, यातलं काहीच कळत नाही. नुसता क्लोजअप म्हणजे पक्ष्याचा पासपोर्ट फोटो. चेहरा ओळखायला ठीक, पण तो पक्षी जगतोय कसा हे त्यातून समजत नाही. पाच वर्षांनी कोणी अभ्यासक किंवा वन खात्यातला माणूस तो फोटो उघडेल तेव्हा त्याला काय सांगता येईल, हा विचार डोक्यात ठेवून फोटो काढायला लागलात की सगळी पद्धतच बदलते, आणि ती बदलायची कशी ते खाली लिहितोय. लांबच्या जंगलात जायचं असेल तरी सुरुवात घराजवळच्या खाडीपासून करा असं मी म्हणेन, कारण एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाता येणं ही या कामातली सगळ्यात मोठी सोय आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग कॅमेरा उचला

"फ्लेमिंगोचे फोटो काढायचेत" हा प्रश्न नाही झाला. "भरतीचं पाणी तलावात येतं का, आणि आलं नाही तर पक्षी काय करतात" हा झाला प्रश्न. नेरुळच्या डीपीएस तलावाचंच घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले, खाडीचं पाणी आत यायचा मार्ग बंद झाल्याच्या तक्रारी झाल्या, तलावावर शेवाळं पसरलं, आणि पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. अशा प्रकरणात सुंदर उडणाऱ्या पक्ष्याचा फोटो काही सिद्ध करत नाही. पाण्याची पातळी, शेवाळं, पाण्याचा मार्ग आणि पक्ष्यांची संख्या, हे तारखेसकट दाखवणारे साधे फोटो करतात.

प्रश्न छोटा ठेवा, एका सीझनमध्ये उत्तर मिळेल एवढाच. येऊरच्या वाटेवर प्लास्टिक कुठे साठतं, घोडबंदर रोडच्या एखाद्या टप्प्यात रात्री कोणते प्राणी गाडीखाली येतात, खारघरच्या खाडीकिनारी सोनेरी कोल्हे कुठल्या बाजूने वस्तीत येतात, असे कितीतरी प्रश्न आहेत आणि ते विचारणारे लोक कमी आहेत.

एकाच जागेवरून, पुन्हा पुन्हा

माझ्या मते या सगळ्या लेखातलं हेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात, कारण ते कंटाळवाणं आहे. एक जागा पकडायची, जी पुढच्या वर्षीही सापडेल. म्हणजे रेलिंगचा अमुक खांब, पुलाचं टोक, बांधावरचा दगड. तिथून दर वेळी त्याच फोकल लेंग्थने (म्हणजे लेन्सचा झूम तेवढाच ठेवून), त्याच उंचीवरून, त्याच दिशेला फोटो. फ्रेममध्ये न हलणारी एखादी वस्तू हवी, विजेचा टॉवर, पाम बीच रोडच्या मागची एखादी बिल्डिंग, काहीही, म्हणजे नंतर दोन फोटो एकावर एक ठेवून बघता येतात. लेन्स वाइड घ्या, २४ एमएमच्या आसपास. मोबाइलही चालतो, फक्त झूम न करता. पहिल्या दिवसाचा फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि तिथे उभं राहून त्याच्याशी फ्रेम जुळवून घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका.

आता वेळ. लोक म्हणतात रोज सकाळी सातला जाईन. खाडीत घड्याळ उपयोगाचं नाही, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज सातला काठोकाठ पाणी असेल तर आठवड्याने त्याच वेळी नुसता चिखल दिसेल, आणि दोन फोटो शेजारी ठेवून तुम्ही पाणी आटलं असं म्हणाल तर ते चक्क खोटं होईल. म्हणून तुलना करायची ती सारख्या भरतीची. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा, खाडीत आत यावं तसा थोडा उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा कमी, त्यामुळे उधाणाचा फोटो उधाणाशीच ताडायचा. भरती-ओहोटीचं ॲप बघा हवं तर, पण पाऊणकी येत असली की बोटवाल्याशी बोलताना बरं पडतं.

पक्षी शोधायलाही हेच गणित. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या उघड्या चिखलावर चरायला पांगतात, भरतीला चिखल बुडाला की सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींवर येऊन थांबतात. त्या पाणथळी गेल्या तर भरतीच्या वेळी जायचं कुठे, हा मुद्दा दाखवायचा असेल तर एकाच दिवशी ओहोटीला खाडी आणि भरतीला तलाव असे दोन्ही फोटो लागतात.

परवानगी

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट मिळते, वेळ भरतीवर ठरते, सुट्टीच्या दिवशी आधी बुकिंग केलेलं बरं. बोटीतून पर्यटक म्हणून फोटो काढणं वेगळं आणि अभयारण्यात प्रोजेक्ट म्हणून वारंवार काम करणं वेगळं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात फोटोग्राफी, अभ्यास यासाठी परवाना असतो. अर्ज करताना काय, कुठे, किती दिवस, किती माणसं आणि फोटोंचं पुढे काय करणार हे एका पानात साध्या मराठीत लिहा, महिना-दीड महिना हातात ठेवा, आणि पोच घ्या.

ड्रोनचं थोडक्यात सांगतो, नका उडवू. अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, नवी मुंबईत आता विमानतळ आहे, आणि पक्ष्यांच्या थव्यावर वरून काहीतरी घोंघावत आलं की सगळा थवा उठतो. कॅमेरा ट्रॅपही (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) जंगलात आपल्या मनाने लावून यायचे नसतात.

आणि घरट्यांचं. वन्यजीव संरक्षण कायद्यातच शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात जंगली पक्ष्यांच्या, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. "मी तर फक्त फांदी बाजूला केली" हे कारण चालणार नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली म्हणजे तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात, फोटो विसरा आणि आल्या वाटेने मागे फिरा. घरट्याचे फोटो कितीही लाइक्स मिळवोत, मला ते बघायलाही आवडत नाहीत.

तिथली माणसं

खाडीत कोळी आणि आगरी, तुंगारेश्वर-तानसाकडे वारली, कातकरी, ठाकर, भीमाशंकरला महादेव कोळी. यांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. बोटीवर बसल्या बसल्या "मामा, जवळ घ्या ना जरा" म्हणणारे खूप बघितलेत. त्याऐवजी "मामा, पूर्वी इथे कुठली मासळी मिळायची?" असं विचारून बघा. एका मामांनी मला सांगितलेलं, "पक्षी दिसतो सगळ्यांना, पण निवटी कमी झाली ती कोण बघतो? चिखलात बघ की." आणि खरंच, निवटी (चिखलावर सरपटणारा छोटा मासा), चिंबोऱ्या, तिवराची वर आलेली श्वासमुळं, त्यात अडकलेल्या पिशव्या, हे सगळं बोटीपासून हातभर अंतरावर असतं आणि लेन्स मात्र लांब गुलाबी पट्ट्यावर.

माणसांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, कशाला हवेत ते सांगा, नाही म्हणाले तर नाही. वनरक्षक, वॉचर यांचं काम दाखवणारे फोटो फार कमी असतात. पाणवठा साफ करणारा, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून केलेला मोकळा पट्टा) काढणारा, रात्री गस्त घालणारा माणूस हा संवर्धनाचाच भाग आहे. गाइड घेतलात तर पैशात घासाघीस करू नका. आणि नंतर प्रिंट काढून द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो हरवतो, भिंतीवरचा राहतो.

सामान

यावर इतकं लिहिलं जातं की मी जास्त लिहित नाही. १००-४०० किंवा १५०-६०० पैकी एक टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स), एक वाइड, एवढं पुरे. बोटीत ट्रायपॉड ठेवू नका, इंजिनची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते, हातातच धरा आणि शटर १/१००० सेकंदाच्या खाली शक्यतो नेऊ नका, पक्षी उडताना १/१६०० च्या वर. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी न्या आणि गावात पोचल्यावर किलोभर तांदूळ घेऊन भरा, परतताना तांदूळ गाइडच्या घरी द्या. पावसात आंबोलीला जाणार असाल तर सिलिका जेल, दोन-तीन मोठ्या झिपच्या पिशव्या आणि जळवांसाठी लांब मोजे. एसी खोलीतून एकदम बाहेर दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते, बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

चिखलावर ऊन तापलं की साडेनऊ-दहानंतर हवा थरथरायला लागते आणि लांबचा कुठलाही फोटो पाण्यातून काढल्यासारखा लिबलिबीत येतो, पन्नास हजाराची लेन्स असो की पाच लाखांची. टेलीचं काम त्याआधी उरका आणि नंतर वाइड, माणसं, जवळच्या गोष्टी घ्या.

प्रत्यक्ष काय काय टिपायचं

मी एका जागेचे फोटो घेताना हा क्रम धरतो. आधी सगळा परिसर एका फ्रेममध्ये. मग प्राणी त्याच्या जागेत, फ्रेमचा छोटा भाग प्राणी आणि बाकी जागा. मग ओळख पटेल असा फोटो, डोकं, चोच, पाय. मग तो काय करतोय. मग धोका, पाइप, भराव, जाळं, कुत्री, गाड्या, जे असेल ते, पण आसपासचं दिसेल असं, नुसता कचऱ्याचा क्लोजअप कुठलाही असू शकतो. मग माणूस. आणि शेवटी पुन्हा एकदा परिसर, निघताना, कारण तासा-दोन तासांत पाणी आणि पक्षी दोन्ही बदललेले असतात.

फ्लेमिंगोत आपल्याकडे दोन जाती येतात. मोठ्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, लहानाची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, त्यांना वगळू नका, थव्यात पिल्लं किती हा आकडा कामाचा असतो. मोजणीसाठी थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकावर एक थोडे चढणारे फोटो काढा, घरी जोडून त्यावर चौकटी आखा आणि चौकटीगणिक मोजा. "हजारो होते" असं लिहिण्यापेक्षा हे बरं. पायात रिंग दिसली तर बाकी सगळं सोडून तिचा फोटो घ्या, दोन्ही पाय, शक्य तितक्या बाजूंनी, रंग आणि अक्षरं वाचता येतील असा. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) इथल्या पक्ष्यांना रिंग आणि सॅटेलाइट टॅग लावलेत, गुजरातशी आपल्या खाडीचं नातं त्यातूनच पक्कं कळलं, आणि तुमच्या धूसर फोटोतली दोन अक्षरंसुद्धा त्यांच्या कामाची असतात.

बिबट्या दिसलाच कधी, तर मिळाल्यास दोन्ही कुशी टिपा. अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि डावी बाजू उजवीसारखी नसते, म्हणूनच अभ्यासात कॅमेरा ट्रॅप समोरासमोर जोडीने लावतात. रस्त्यावर मेलेला प्राणी दिसला तर आधी गाडी सुरक्षित बाजूला घ्या, मग दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून मापासाठी एक, आणि रस्त्याचा किलोमीटरचा दगड दिसेल असा एक. हात लावू नका.

अंतर किती ठेवायचं याचं मीटरमध्ये उत्तर नाही, प्राणीच सांगतो. चरणाऱ्या फ्लेमिंगोंनी डोकी वर काढली ही पहिली सूचना, सगळे एकाच दिशेने चालायला लागले ही दुसरी, आणि तिसरीची वाट बघायची नाही कारण तेव्हा ते उठलेले असतात. उडवून काढलेला फोटो ओळखू येतो बरं का, सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे असतात.

रात्र, पाऊस, समुद्र

कोकणातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम चालू आहे. अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, ती सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. इथे फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे तुमच्या मोबाइलच्या उजेडाने ती उलटी फिरू शकतात. दोरीच्या मागे राहा, आयएसओ (कॅमेऱ्याची कमी उजेडात फोटो घेण्याची सेटिंग) वाढवा, ग्रेन म्हणजे दाणेदारपणा आला तर येऊ दे. पिल्लाचा फोटो सगळ्यांकडे असतो, घरट्याजवळची तारखेची पाटी, टोपली उचलणारा हात, वहीत आकडा लिहिणारा कार्यकर्ता, हे घ्या.

आंबोलीला पावसात बेडकांसाठी गर्दी होते. आंबोली टोड हा अतिशय धोक्यात असलेला, फार थोड्या जागेत राहणारा प्राणी, आणि लोक त्याला उचलून छान हिरव्या पानावर ठेवतात, फोटो झाला की सोडून निघून जातात. तो जिथे बसला होता तो ओला कातळ हीच खरी माहिती होती, ती तुम्ही पुसून टाकलीत. चालताना पाय कुठे पडतोय तेही बघा, पावसात कातळावरची छोटी डबकी म्हणजे त्यांची पाळणाघरं.

वही

त्याच दिवशी, शक्यतो तिथेच लिहा. चिखलाच्या हाताने लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. कॅमेऱ्याचं घड्याळ निघायच्या आधी मोबाइलशी जुळवा आणि पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचाच काढा, काही फरक राहिला असेल तर नंतर कळतो. कॅप्शन अशी असावी:

"सीवूड्स, पाणथळीचा पूर्व बांध, जागा क्र. २, वायव्येकडे तोंड. सकाळी ७.१०, उधाणाची भरती, पाणी चढतंय. लहान फ्लेमिंगो अंदाजे ३४० (फोटोवरून मोजले), पैकी मळकट पिल्लं २५. बांधाजवळ चार भटकी कुत्री, दोनदा थवा उठला. २४ एमएम. क्रॉप नाही."

"निसर्गाची किमया" वगैरे लिहायचं तर वेगळ्या पोस्टला लिहा.

जागा सांगायची की लपवायची

वन पिंगळा हा घुबडातला छोटा पक्षी १८८४ नंतर नाहीसाच झाला असं समजत होते, तो १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. ही नोंद जाहीर होणं गरजेचं होतं, त्याशिवाय ते जंगल किती मोलाचं आहे हे कोणाला पटणार. पण नेमकं झाड जाहीर झालं की तिथे स्पीकरवर आवाज लावून पक्ष्याला बोलावणारे पोचतात. म्हणून अभयारण्याचं नाव सांगा, झाड सांगू नका. पोस्ट करायच्या आधी फाइलमधलं जीपीएस काढून टाका, मागे ओळखता येणारी टेकडी किंवा देऊळ दिसत नाही ना तेही बघा. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) धोक्यातल्या बऱ्याच जातींची जागा आपोआप धूसर होते, तरी स्वतः एकदा तपासा. अचूक जागा असलेली मूळ फाइल अभ्यासकाला आणि वन खात्याला द्या, इन्स्टाग्रामला नाही.

घरी आल्यावर

कॅमेऱ्यावर बसून फोटो डिलीट करू नका, खराब वाटलेल्या फोटोच्या कोपऱ्यात कधी कधी कामाची गोष्ट निघते. फाइलचं नाव तारीख-जागा-क्रमांक असं. तीन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. मूळ रॉ फाइलला (कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली) हात लावायचा नाही, एडिट कॉपीवर. रंग-उजेड सुधारा, पण तार, बाटली, कुत्रा पुसू नका, तीच तर नोंद आहे.

कांदळवनावर भराव, तोड असं काही फोटोत असेल तर जास्त काळजी घ्या. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवन तोडायला, त्यावर भराव घालायला बंदी आहे आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे. म्हणून फोटोत अंतर कळेल असं काहीतरी हवं, रस्त्याची कड, कुंपण, गाडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) असते, तेव्हा मूळ फाइल आणि कार्ड जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली कॉपी यासाठी कामाची नाही. डंपरवाल्यांशी जागेवर वाद घालू नका, एकटे असाल तर कॅमेरा बाहेरही काढू नका.

तक्रार वन खात्याच्या १९२६ हेल्पलाइनवर करता येते, शिवाय कांदळवन कक्षाला लेखी द्या. चार-पाचच फोटो जोडा, एक आधीचा, एक आत्ताचा त्याच जागेवरून, एक जवळून, एक नकाशाचा स्क्रीनशॉट, आणि अर्धं पान मजकूर. शंभर फोटोंची लिंक कोणी उघडत नाही. पक्ष्यांच्या साध्या नोंदी ईबर्डवर, बाकी जीव आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, पक्षी दिसले नाहीत त्या दिवसाचीसुद्धा यादी भरा. तक्रारीचा नंबर आणि तारीख त्याच वहीत, त्याच जागेच्या पानावर लिहून ठेवा, आणि पंधरा दिवसांत कोणी काही कळवलं नाही तर त्याच खांबापाशी उभं राहून पुढचा फोटो काढा आणि जुन्या नंबरचा उल्लेख करून तो पाठवा.